आठवण देणारा तोच, विसर देणाराही तोच



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १५.

पंधरावा अध्याय आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतो. वीसच श्लोक, आणि अनेक घरांत जेवणाआधी म्हणायची पद्धत. त्यामुळे होतं काय, की तोंड म्हणत जातं आणि लक्ष ताटाकडे असतं. पंधराव्या श्लोकात भगवंत सांगतात, की मी सगळ्यांच्या हृदयात बसलेलो आहे, आणि माझ्यापासूनच तीन गोष्टी येतात. पहिली स्मृती, दुसरी ज्ञान आणि तिसरी अपोहन.

पहिल्या दोन आपल्याला आवडतात. परीक्षेच्या आधी, इंटरव्ह्यूच्या आधी आपण त्याच तर मागतो. तिसऱ्या शब्दापाशी मात्र थांबावं लागतं. अपोहन म्हणजे दूर होणं, निघून जाणं. आठवलेलं विसरणं, कळलेलं नाहीसं होणं. आचार्यांनी या शब्दाचे वेगवेगळे अर्थ लावलेत. कुणी त्याचा संबंध कर्माशी जोडला, कुणी शंका दूर होण्याशी. साधा अर्थ घेतला तर भगवंत म्हणतात की आठवण माझ्याकडून येते आणि विसरही माझ्याकडूनच येतो.

हे वाचताना मला नेहमी म्हातारी माणसं डोळ्यांसमोर येतात. आपण पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत बसून गीता वाचतो, आणि तिकडे चंद्रपूरला, मूलला, नागभीडला, आरमोरीला, चामोर्शीला आपले आजी-आबाजी हळूहळू एकेक नाव विसरत असतात. फोनवर तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात. "जेवला का रे बाप्पा?" दोन मिनिटांनी पुन्हा, "जेवला का?" तेव्हा आतून प्रश्न येतो की या विसरण्यात देव कुठे आहे? आज याच प्रश्नासोबत बसायचं आहे.

मेंदूत काय होतं, ते आधी

भक्ताने शरीराचं शास्त्र समजून घेण्यात कमीपणा नाही. तेराव्या अध्यायात भगवंत शरीराला क्षेत्र म्हणतात. शेत कसणाऱ्याला माती कळली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की म्हातारपण आणि स्मृतीचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वय वाढलं की मेंदूचा वेग कमी होतो. नाव ओठांवर येऊन अडकतं, नवीन मोबाईल शिकायला वेळ लागतो, दोन कामं एकदम होत नाहीत. पण शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेली समज आणि माणसं ओळखण्याची नजर हे सगळं बराच काळ टिकतं, कधी कधी वाढतंही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. पहिलं वय आहे, दुसऱ्यासाठी डॉक्टर हवा.

ज्याला आपण डिमेन्शिया म्हणतो, त्याचं सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली पन्नाशीतल्या एका बाईंचा असा आजार वैद्यकीय सभेत मांडला, त्यावरून हे नाव. या आजारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला लवकर इजा होते. नवीन आठवण पक्की करण्याचं काम याच भागाचं. म्हणून आज सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न, त्यातले रुसवेफुगवे, वरातीतला बैल, सगळं आठवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर रीड बराच काळ चालू राहतं, राईट आधी बंद पडतं. तुम्ही चौथ्यांदा दिलेलं उत्तर तिकडे सेव्हच झालेलं नसतं. तिच्यासाठी प्रत्येक वेळी तो प्रश्न पहिल्यांदाच विचारलेला असतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. आपल्या गावाकडे याला अजून "म्हातारचळ" म्हणतात, "साठी बुद्धी नाठी" म्हणून हसण्यावारी नेतात. त्यात एक मोठं नुकसान होतं. विसराळूपणाची काही कारणं उपचाराने सुधारू शकतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा त्रास, नैराश्य, काही औषधांचा परिणाम. आणि बरा असलेला म्हातारा माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागला, तर ते बहुतेक वेळा लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं अशा कशामुळे तरी असतं. ते तातडीचं असतं. तिथे अंगारा लावून वाट पाहायची नाही. अंगारा लावा आणि गाडी काढा.

दोन स्मृतिभ्रंश

आता एक गंमत बघा. मराठीत डिमेन्शियाला आपण "स्मृतिभ्रंश" म्हणतो. हा शब्द थेट गीतेतला आहे, दुसऱ्या अध्यायातला, बासष्ट-त्रेसष्ट श्लोकांतला. पण तिथे तो वेगळ्याच माणसाबद्दल आहे.

ती साखळी आपल्याला पाठ आहे. विषयाचं चिंतन केलं की आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, आणि त्यातून बुद्धीचा नाश. इथे स्मृती जाते ती रागामुळे. मी कोण, समोर कोण, मला काय शिकवलं होतं, हे रागाच्या भरात विसरतं. आजीच्या हिप्पोकॅम्पसला झालेल्या इजेचा या श्लोकाशी काहीही संबंध नाही. तिने काही चुकीचं चिंतन केलं म्हणून ती विसरत नाहीये. "मागच्या जन्माचं पाप" असं कुणी म्हणालं, तर त्याला नम्रपणे सांगावं की दुसऱ्याच्या आजारावर कर्माचा निकाल लावायचं काम भगवंताने आपल्याकडे दिलेलं नाही. आपल्याकडे सेवा दिली आहे.

मग गीतेतला स्मृतिभ्रंश त्या घरात कुणाला होण्याचा धोका आहे? सांभाळणाऱ्याला.

विचार करा. घरात सून आहे. सकाळपासून सासूने सात वेळा "माझे पैसे चोरले" म्हटलंय. गॅस चालू ठेवलाय. रात्री दोनला उठून दार उघडून निघाली होती. आठव्या वेळी सुनेच्या तोंडून काहीतरी कडू निघतं. त्या क्षणी आजाराने सासूची स्मृती नेलेली असते आणि रागाने सुनेची. दोघींनाही एकमेकींची ओळख राहत नाही. फरक एवढाच की सासूची परत येणं डॉक्टरांच्याही हातात नाही, सुनेची मात्र परत येऊ शकते. पाच मिनिटं बाहेर ओट्यावर जाऊन बसायला मिळालं, कुणी "जा, मी बसतो त्यांच्याजवळ" म्हणालं, तर येते. म्हणजे साखळी तोडायला त्या घराला आपल्या प्रवचनापेक्षा दोन हात जास्त हवेत. शहरात राहणाऱ्या मुलाने, नातवाने हे नीट ऐकावं. "काकू, तुम्ही शांत राहत जा" असा व्हॉट्सॲप मेसेज पाठवण्यापेक्षा सुट्टी टाकून आठ दिवस जावं आणि काकूला तिच्या माहेरी पाठवावं. ती खरी गीता.

खरं, गोड आणि हिताचं

सांभाळणाऱ्यांना रोज पडणारा एक धर्मसंकटाचा प्रश्न असतो. ऐंशी वर्षांची आजी विचारते, "माझी माय कुठं गेली?" तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. खरं सांगितलं तर तिला ते नव्यानेच कळतं, ती नव्याने रडते. थोड्या वेळाने विसरते आणि पुन्हा विचारते. रोज तिच्या आईला मारायचं का? आणि "येते म्हणाली संध्याकाळी" असं सांगितलं तर खोटं बोलल्याचं मनाला लागतं.

सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं उद्वेग न करणारं असावं, सत्य असावं, प्रिय असावं, हिताचं असावं. या चारही अटी एकदम पाळता येतात का? येतात. आजीजवळ बसून हात हातात घ्यायचा आणि विचारायचं, "मायची आठवण येते का? काय करायची ती? पुरणाच्या पोळ्या करायची का?" यात एक शब्द खोटा नाही आणि उद्वेगही नाही. तिने विचारलं "माय कुठे", पण तिला हवं होतं मायजवळचं सुरक्षित वाटणं. आपण त्याला उत्तर दिलं. आणि ती बोलायला लागते. कुठल्या बांधावर मोहाचं झाड होतं, कुठल्या तळ्यावर सिंगाडे होते, सगळं सांगते.

शास्त्राकडूनही याला आधार आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या लोकांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटातले प्रसंग दाखवले. थोड्या वेळाने काय पाहिलं ते बहुतेकांना सांगता येईना, पण त्या प्रसंगाने मनात उठलेला भाव बराच वेळ टिकून राहिला. घटना पुसली, भावना राहिली. तेव्हा "कशाला जाऊ भेटायला, तिला आठवणार थोडंच आहे" हे म्हणणं शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर नाही. तुम्ही आलात हे ती विसरेल. तुमच्या येण्याने आलेला गोडवा तिच्या संध्याकाळभर राहील. रागावलात तर तेही तसंच राहील.

तिन्हीसांजेची प्रार्थना

माझे आबाजी मूल तालुक्यातले, आयुष्यभर गुरुदेव सेवक. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं चंद्रपूर जिल्ह्याशी नातं जुनं. चिमूर तालुक्यातलं गोंदोडा ही त्यांची तपोभूमी. त्यांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना सुरू केली, आणि आमच्याकडच्या कितीतरी गावांत आजही संध्याकाळी सतरंजी अंथरली जाते, खंजिरी वाजते.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आबाजी मला त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायचे. मी "हो दादा" म्हणायचो. दिवस मावळायला लागला की ते बेचैन व्हायचे, "चल, घरी जाऊ" म्हणून घरातच दार शोधायचे. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो हे डॉक्टरांना ठाऊक असलेलं लक्षण आहे. काकूने त्यावर स्वतःच एक उपाय काढला होता. ती बरोबर त्या वेळी त्यांना धुतलेली टोपी घालायची, हातात खंजिरी द्यायची आणि शेजारच्या चार पोरांना बोलवायची. ज्या माणसाला मुलाचं नाव सांगता येत नव्हतं, तो माणूस पूर्ण प्रार्थना म्हणायचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ताल चुकला तर पोराकडे डोळे वटारून बघायचे!

यात चमत्कार नाही, आणि चमत्कारापेक्षा कमीही काही नाही. सूर, ताल, रोजच्या हालचाली यांच्या आठवणी मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत पसरलेल्या असतात. हिप्पोकॅम्पस खचला तरी त्या बऱ्याच काळ उभ्या राहतात. साठ वर्षं रोज म्हटलेली प्रार्थना बोटांत, जिभेत, श्वासात उतरलेली असते. संतांनी नाम "म्हणायला" सांगितलं, फक्त समजून घ्यायला सांगितलं नाही, त्यातलं एक शहाणपण इथे कळतं. समज जाऊ शकते. सवय उशिरा जाते.

अंतकाळी आठवलं नाही तर?

आता भाविक घरातली सगळ्यात खोल भीती. ती कुणी मोठ्याने बोलत नाही.

आठव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अंतकाळी जो माझं स्मरण करत देह सोडतो तो मला येऊन मिळतो. मग जिने जन्मभर तुळशीला पाणी घातलं, एकादशी सोडली नाही, पण शेवटी जिला विठ्ठल हा शब्दही आठवत नाही, तिचं काय? आजाराने तिची सगळी पुण्याई ऐन वेळी हिरावली का?

याचं उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिलं त्याच आठव्या अध्यायात, पुढच्याच दोन श्लोकांत. ज्या भावात माणूस सदैव मुरलेला असतो तोच भाव शेवटी उभा राहतो, म्हणून सर्व काळी माझं स्मरण कर, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. बघा, हे कुणाला सांगितलंय? रणात उभ्या असलेल्या, धडधाकट, कामात बुडालेल्या माणसाला. भगवंत शेवटच्या मिनिटाची परीक्षा घेत नाहीत, आयुष्याचा कल पाहतात.

दुसरं उत्तर वराहपुराणाच्या परंपरेतलं. दक्षिणेतले श्रीवैष्णव त्याला वराह चरमश्लोक म्हणतात आणि फार जपतात. वराहरूपातले भगवंत पृथ्वीला सांगतात त्याचा भावार्थ असा: मन ठिकाणावर असताना, शरीर धड असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो पुढे मरणकाळी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, त्याला माझी आठवण करता आली नाही, तरी मी त्या माझ्या भक्ताची आठवण ठेवतो आणि त्याला परम गतीला नेतो.

मी ठेवतो आठवण. या एका वाक्यासाठी मी आज हे सगळं लिहितोय. आजपर्यंत आपण समजत होतो की भक्ती म्हणजे आपण देवाला आठवणं. त्याची दुसरी बाजू ही, की देव आपल्याला आठवतो, आणि त्याच्या स्मृतीला कुठलाही आजार होत नाही. आता पंधराव्या अध्यायातला तो श्लोक पुन्हा बघा. स्मृती, ज्ञान, अपोहन सांगण्याआधी भगवंतांनी काय सांगितलं होतं? मी सगळ्यांच्या हृदयात बसलेलो आहे. आठवण येईपर्यंत बसतो आणि आठवण गेली की उठून जातो, असं ते म्हणत नाहीत. विसर पडला तेव्हाही तो तिथेच. विसराच्या आतही तोच.

माणसात माणूस

मेंदूइतकंच महत्त्वाचं दुसरं काही असेल तर ते माणसांत असणं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची गत तुम्हाला ठाऊक आहे. शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला, बाकीची कामाला कुठे कुठे. गावात म्हातारे, कुलूप आणि कुत्री. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता बंद. मेंदूच्या तज्ज्ञासाठी बहुतेकांना नागपूरच गाठावं लागतं. अशा ठिकाणी औषधाइतकीच शेजाऱ्याची गरज असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांनी एक सुंदर गोष्ट मांडली आहे. आपल्याकडे वेळ थोडा उरलाय असं वाटायला लागलं की माणूस गर्दी कमी करतो आणि मनाला भिडणारी मोजकी नाती धरून ठेवतो. म्हणून पुष्कळ म्हातारी माणसं तरुणांपेक्षा मनाने स्वस्थ असतात. आपण त्याला विवेक म्हणतो. पण स्वतः निवडलेला एकांत वेगळा आणि लादलेलं एकटेपण वेगळं. दुसरं माणसाला आतून खातं.

यावर आपल्याच मातीत एक उत्तर उभं आहे. वरोऱ्याजवळचं आनंदवन. कुष्ठरोगामुळे घरातून बाहेर काढलेल्या माणसांसाठी बाबा आमटे आणि साधनाताईंनी ते उभं केलं. त्या माणसांना बाबांनी दयेपेक्षा काम दिलं, कारण काम असलं की माणूस उपकाराखाली वाकत नाही. आणि बाबांचं स्वतःचं म्हातारपण बघा. पाठीचा कणा इतका दुखावलेला की त्यांना बसता येत नसे, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं. त्या पाठीने सत्तरीत, १९८५ साली, कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. १९९० साली, पंचाहत्तरीत, आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी राहायला गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी आनंदवनातच देह ठेवला. त्याच आनंदवनात ज्येष्ठांच्या वसतीला नाव आहे 'उत्तरायण'.

उत्तरायण म्हटलं की भीष्म आठवणारच. शरशय्येवर पडलेला, अंगभर बाण, उत्तरायणाची वाट पाहणारा म्हातारा. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला राजधर्म शिकायचा होता. कृष्ण स्वतः शिकवू शकला असता, गीता सांगणारा तोच! पण तो युधिष्ठिराला घेऊन भीष्मांकडे गेला. भीष्म म्हणाले, वेदनेने माझी बुद्धी चालत नाही, मला आठवत नाही. तेव्हा कृष्णाने त्यांची वेदना शमवली, स्मृती उजळली, आणि मग म्हणाला, आता तुम्ही सांगा. शांतिपर्वातला भीष्मांचा उपदेश तिथून सुरू होतो.

यात वृद्धसेवेचं सगळं सूत्र आलं. आधी वेदना कमी करायची. मग त्यांच्या आठवणीला हात द्यायचा. आणि मग त्यांच्या पायाशी बसून विचारायचं. नुसतं खाऊ-पिऊ घालून कोपऱ्यात बसवलं तर सेवा अर्धीच झाली. "आबाजी, या धानाला कोणतं खत घालायचे तुम्ही?" एवढा प्रश्न विचारला तरी माणूस खाटेवर ताठ बसतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पाहिलेलं म्हातारपण

तुम्ही म्हणाल, आम्ही पंचविशीतले, तिशीतले. हे चिंतन आम्हाला कशाला?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं आहेत. त्यात जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतलं दुःख डोळ्यांसमोर ठेवणं हेही एक लक्षण. ज्ञानेश्वर माउलींनी तिथे म्हातारपणाचं जे वर्णन केलंय ते वाचून अंगावर काटा येतो. आज भरलेलं शरीर उद्या वाळलेल्या कचरीसारखं होणार, हे ज्ञानी माणूस तारुण्यातच ओळखतो, असं ते सांगतात. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० ची. परंपरेप्रमाणे माउलींचं वय तेव्हा पंधरा-सोळा. ज्याने स्वतः कधी म्हातारपण पाहिलं नाही, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी समाधी घेतली, त्याने ते इतकं जवळून पाहिलं. म्हणजे दुसऱ्याच्या देहात स्वतःचं उद्या पाहता येतं, फक्त नजर हवी.

वैनगंगेकाठी मार्कंड्याला महाशिवरात्रीला आपण जातो. तिथे नदी उत्तरेकडे वळते. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेल्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भागवत सांगतं की त्याला शंकरांनी अजर-अमर होण्याचा वर दिला. तुम्हाआम्हाला तो वर नाही. पण शिवलिंगाला मिठी मारायचं वय कोणतं, ते त्याने दाखवलंय. सोळा!

आणि शास्त्रही तेच सांगतं. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे चौदा धोके सांगितले, ज्यांवर वेळेत काम केलं तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतो. त्यात कमी शिक्षण आहे, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्ट्रॉल, लठ्ठपणा, बसून राहणं, धूम्रपान, अति दारू, डोक्याला मार, नैराश्य, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपण आणि हवेचं प्रदूषण आहे. चंद्रपूरच्या हवेबद्दल मी वेगळं सांगायला नको. पण बाकी कितीतरी गोष्टी आपल्या तिशीत-चाळिशीत ठरतात. गाडी चालवताना हेल्मेट घालणं हीसुद्धा सत्तरीतल्या स्मृतीची काळजी आहे. आणि तोंडातला तो खर्रा, भाऊ, रक्तवाहिन्यांच्या भल्यासाठी आजच थुंका.

आजची साधना

आज एवढंच करू.

एक. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज फोन करा आणि स्वतःचं सांगण्याआधी त्यांना काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे. ते पुन्हा पुन्हा तेच बोलले, तर पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐका. नाम आपण किती वेळा तेच घेतो, देव कधी कंटाळला?

दोन. त्यांचे कान आणि डोळे तपासले गेलेत का, ते बघा. पुष्कळदा "विसरतात" असं वाटतं, आणि मुळात ऐकूच आलेलं नसतं. कानातला मळ काढला, यंत्र बसवलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणूस माणसांत परत येतो. विसरणं वाढतंय असं वाटलं तर आधी आपल्या डॉक्टरकडे, मग जिल्हा रुग्णालयात. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही फोनसेवा आहे, आणि मन थकलेल्या सांभाळणाऱ्यासाठी टेलिमानसची १४४१६.

तीन. जो सांभाळतोय त्याला विचारा, "तुला कधी झोप मिळाली?" आणि उत्तर ऐकून काहीतरी करा.

चार. रोज एक ठरावीक वेळ, एक ठरावीक नाम, मोठ्याने, शक्य असेल तर चार जणांत. आपल्या जिभेला आत्तापासून वळण लावून ठेवू. उद्या बुद्धी थकली तर जीभ चालत राहील. जीभही थकली तर वराहदेवाने वचन दिलेलंच आहे.

हे हृदयस्था नारायणा, आमच्या घरातल्या ज्या थकल्या जिवांना आता आमचं नाव आठवत नाही, त्यांना तू त्यांच्या नावाने ओळखतोस. त्यांच्या विसरण्यात तू सोबत रहा. आणि ज्यांना सगळं आठवतंय त्या आम्हाला, राग येईल त्या क्षणी, समोर कोण बसलंय याची आठवण दे.

रामकृष्ण हरी.